नदी कुणाची? स्मेतानाच्या ‘व्लतावा’ची गोष्ट

ऑक्टोबर १८७४मध्ये बेद्रिख स्मेताना हा चेक संगीतकार दोन्ही कानांनी पूर्ण बहिरा झाला. वय पन्नास. प्रागमधल्या एका मोठ्या नाट्यगृहाचा तो मुख्य संगीत-संचालक होता. ती नोकरी गेली. कानात सतत शिट्ट्या आणि घोंघावणं, बाहेरचा आवाज मात्र शून्य. अशा अवस्थेत २० नोव्हेंबरला त्याने एका नदीवर संगीत लिहायला घेतलं आणि ८ डिसेंबरला संपवलं. एकोणीस दिवसांत.

त्या रचनेचं नाव ‘व्लतावा’. साधारण बारा मिनिटांची आहे. तुम्ही ती ऐकली असण्याची शक्यता बरीच आहे, नाव माहीत नसलं तरी. स्ट्रीमिंग ॲपवर ‘निसर्ग’, ‘रिलॅक्स’, ‘फोकस’ अशा नावांच्या ज्या प्लेलिस्ट असतात, त्यातल्या निम्म्यांत ती सापडते. मलाही ती तिथेच सापडली. ऑफिसात हेडफोन लावून कोड लिहिताना मागे काहीतरी वाहत राहावं, इतकीच अपेक्षा होती. पाणी, जंगल, चांदणं. कुणाचं मन दुखावणार नाही असं संगीत.

मग मी तिच्याबद्दल वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की हे अजिबात निरुपद्रवी संगीत नाही. या बारा मिनिटांवरून लोक रडलेत, परदेशातून परत आलेत, परकी सत्ता डोक्यावर असताना उभं राहून राष्ट्रगीत गायलेत. नदीच्या आवाजात असं काय असतं?

निसर्गाची नक्कल कोण करतं?

युरोपीय संगीतात निसर्ग जुनाच आहे. विवाल्डीचे ‘फोर सीझन्स’ १७२५मध्ये छापले गेले. त्यात वसंतातले पक्षी आहेत, उन्हाळ्यातलं वादळ आहे, आणि एका ठिकाणी व्हायोला चक्क कुत्र्यासारखा भुंकतो. बेथोव्हनची सहावी सिंफनी, ‘पास्टोरल’, २२ डिसेंबर १८०८ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. गारठलेल्या थिएटरात, चार तासांच्या कार्यक्रमात. तिच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी बेथोव्हनने पक्ष्यांची नावंच लिहून ठेवलीत: फ्लूट म्हणजे नाइटिंगेल, ओबो म्हणजे लावा, क्लॅरिनेट म्हणजे कोकीळ. पण त्याच बेथोव्हनने हेही बजावून ठेवलं, की हे चित्रण कमी आणि भावना जास्त आहे. नक्कल करणं त्याला हलकं वाटत होतं.

आणि खरं सांगायचं तर नक्कल फारशी कुणी करतही नव्हतं. विशीतला मेंडेलसोन १८२९मध्ये स्कॉटलंडला गेला. तिथल्या फिंगल्स केव्ह या समुद्री गुहेवरची त्याची रचना प्रसिद्ध आहे. पण त्या रचनेची सुरुवात त्याने ७ ऑगस्टला घरच्यांना लिहिलेल्या पत्रात उतरवली आणि गुहा पाहिली ८ तारखेला. तीही बोट लागलेल्या अवस्थेत. देब्युसीने ‘ला मेर’, म्हणजे ‘समुद्र’, लिहायला घेतलं तेव्हा तो बरगंडीत होता, समुद्रापासून लांब. डोळ्यासमोरच्या समुद्रापेक्षा आठवणीतला समुद्र त्याला जास्त कामाचा वाटे.

म्हणजे ऑर्केस्ट्रातला निसर्ग हे रेकॉर्डिंग नसतं. कुणीतरी ठरवलेलं असतं, की या जागेतलं काय ठेवायचं, काय वगळायचं, आणि ती जागा कुणाची म्हणायची. स्मेतानाच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा ठरला.

उशिरा शिकलेली मातृभाषा

स्मेतानाचा जन्म २ मार्च १८२४चा, बोहेमियातल्या लितोमिश्ल या गावचा. वडील बिअर बनवायच्या कारखान्याचे चालक. बोहेमिया तेव्हा हाब्सबर्ग साम्राज्यात होतं. १५२६पासून तिथे व्हिएन्नाचं राज्य. शाळा, कचेरी, बढती, पत्रव्यवहार सगळं जर्मनमध्ये. शिकलेल्या घरातली मुलं जर्मनच बोलत. चेक ही घरातल्या कामवाल्यांची, शेतकऱ्यांची, बाजाराची भाषा. आपला नायकही स्वतःचं नाव ‘फ्रीड्रिख’ असं लिहायचा आणि डायरी जर्मनमध्ये ठेवायचा.

१८४८मध्ये युरोपभर उठाव झाले, प्रागमध्येही. चोवीस वर्षांचा स्मेताना त्यात सामील होता. उठाव चिरडला गेला. पुढे पोटापाण्यासाठी तो १८५६मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गला गेला आणि पाच वर्षं तिथे राहिला. दरम्यान व्हिएन्नाची पकड थोडी सैल झाली. चेक भाषेत नाटकं, वर्तमानपत्रं, संस्था उभ्या राहू लागल्या. आणि १८६०मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, स्मेतानाने एका मित्राला चेकमध्ये पत्र लिहिलं. त्यात तो भाषेतल्या चुकांबद्दल सांगतो, पण चुकीची का होईना, आपल्या भाषेत उत्तर देताना लाज वाटत नाही असंही म्हणतो. यानंतर डायरीही हळूहळू चेकमध्ये सरकली. ‘फ्रीड्रिख’चा ‘बेद्रिख’ झाला.

हे वाचताना मी थांबलो. माझं शिक्षण पहिलीपासून इंजिनिअरिंगपर्यंत इंग्रजीत झालं. आजीशी मराठी, पण विचार मांडायचा तर इंग्रजी. मराठीत चार पानं सलग लिहायचा प्रयत्न मी पंचविशीनंतर केला. तेव्हा जोडाक्षरांपेक्षा जास्त त्रास एका प्रश्नाने दिला: ही भाषा माझी आहे, की मी ती आता ‘घेतोय’? स्मेतानाने या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला आवडतं, कारण ते सिद्धान्तात नाही, कामात आहे. त्याने चेक व्याकरणाच्या आधी चेक ऑपेरा लिहायला घेतले. १८६६मध्ये ‘द बार्टर्ड ब्राइड’ आला आणि गावाकडच्या लग्नाची ती विनोदी गोष्ट पुढे चेक लोकांची लाडकी झाली. मूळ आराखडे काही वेळा तो जर्मनमध्ये टिपायचा. तरीही.

नदीचा कोड

‘व्लतावा’ हा एका मोठ्या कामाचा भाग आहे. ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझा देश’ या नावाच्या सहा रचना. पहिली ‘विशेहराद’, प्रागमधल्या नदीकाठच्या खडकावरच्या जुन्या गडाबद्दल. दुसरी ‘व्लतावा’. मग ‘शार्का’, ही एका दंतकथेतली लढवय्यी बाई. चौथी बोहेमियातल्या कुरणांवर आणि वनराईवर. शेवटच्या दोन, ‘ताबोर’ आणि ‘ब्लानिक’, पंधराव्या शतकातल्या हुसाइट बंडखोरांवर आणि डोंगराच्या पोटात झोपलेल्या, देश संकटात आला की बाहेर येणाऱ्या वीरांवर. म्हणजे गड, नदी, दंतकथा, शेतं, इतिहास, भविष्य. निसर्ग इथे देशाच्या मांडणीतला एक दुवा आहे. सहाही रचना पूर्ण व्हायला १८७९ उजाडलं आणि त्या सलग वाजल्या ५ नोव्हेंबर १८८२ला, प्रागच्या झोफीन सभागृहात. तेव्हा स्मेताना समोर होता, पण त्याला एकही सूर ऐकू येत नव्हता.

आता बारा मिनिटांत काय होतं ते बघू. ऐकत ऐकत वाचलंत तर उत्तम.

सुरुवातीला एक फ्लूट, एकटं, झुळझुळतं. मग दुसरं फ्लूट त्यात शिरतं. मध्येच व्हायोलिनची तार बोटाने छेडलेली आणि हार्पचा एक टिपका, दगडावर थेंब पडल्यासारखा. हे व्लतावेचे दोन उगम आहेत. एका प्रवाहाला ‘उष्ण व्लतावा’ म्हणतात, दुसऱ्याला ‘शीत व्लतावा’. थोड्या वेळाने क्लॅरिनेट येतं आणि दोन ओहोळ एकमेकांत मिसळतात. मग ती झुळझुळ तंतुवाद्यांकडे जाते, जाड होते, आणि तिच्यावर व्हायोलिन आणि ओबो ती प्रसिद्ध धून घेऊन येतात. चढत जाणारी, मग उतरणारी. मायनर स्केलमधली, म्हणून थोडी उदास.

पुढे काठावर जे जे घडतं ते दिसत जातं. जंगलातली शिकार, हॉर्नच्या आवाजात. मग गावातलं लग्न, तिथे ठेका बदलून पोल्का होतो. मग रात्र: व्हायोलिनवर म्यूट चढतात, चांदण्यात जलपऱ्या. पुन्हा मूळ धून. मग संत योहानच्या धबधबेवजा प्रपातांवर पाणी आदळतं, पितळी वाद्यं आणि झांजा कोसळतात. त्यातून बाहेर पडल्यावर तीच धून मेजरमध्ये, उजळून. प्राग आलं. इथे पहिल्या रचनेतली विशेहरादची धून परत ऐकू येते, म्हणजे नदी गडाच्या पायथ्याशी पोचली. मग ती दूर दूर जात विरते आणि शेवटी दोन ठाम स्वर.

प्रोग्रामर म्हणून मला यात आवडतं ते असं: पाणी हा एक लूप आहे. झुळझुळीचा आकृतिबंध पहिल्या सेकंदापासून जवळजवळ अखंड चालू असतो. तो कधी वर दिसतो, कधी तळाशी दबतो. शिकार, लग्न, चांदणं हे सगळं त्याच्यावर येऊन जातं. लग्न संपतं, नदी संपत नाही. लग्नाचा पोल्का पुसट होत जातो तो भाग पुन्हा ऐका. बोटीतून पुढे निघून जाताना काठावरचा आवाज मागे पडावा तसा तो जातो. थांबत कुणीच नाही.

आणि हे लिहिणाऱ्याला फक्त कानातली शीळ ऐकू येत होती. ती शीळही त्याने वाया जाऊ दिली नाही. १८७६मध्ये त्याने ‘माझ्या आयुष्यातून’ नावाचं चार तंतुवाद्यांचं क्वार्टेट लिहिलं. त्याच्या शेवटच्या भागात आनंदी नाच चालू असताना अचानक सगळं थांबतं आणि एकच तीव्र, उंच स्वर लांबत राहतो. बहिरेपण सुरू झालं तेव्हा कानात वाजलेला तो स्वर.

धून कुणाची?

आता गंमत सुरू होते. चेक राष्ट्राची ओळख बनलेली ही धून मुळात चेक आहे का?

साधारण तशीच धून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत ‘ला मंतोवाना’ या नावाने गाजत होती. नंतर ती युरोपभर फिरली. एका जुन्या स्वीडिश लोकगीताची चाल तिच्याच कुळातली आहे, आणि स्मेताना स्वीडनमध्ये पाच वर्षं होता. चेक मुलं मांजरावरचं एक बालगीत म्हणतात, तेही याच वळणाचं, फक्त मेजरमध्ये. मोल्दाव्हियातल्या बैलगाडीवरच्या एका गाण्याची चालही तीच, आणि तिच्यावरून १८८०च्या दशकात ‘हातिक्वा’ला चाल मिळाली, जे आज इस्राएलचं राष्ट्रगीत आहे. स्मेतानाने ती नक्की कुठून उचलली यावर वाद होऊ शकतो. पण ती एकट्या एका देशाची नाही, याबद्दल वाद नाही.

नदीचंही तसंच. ‘शीत व्लतावा’चा उगम सीमेपलीकडे बव्हेरियात, म्हणजे जर्मनीत आहे. तिथून ती शुमावा डोंगरात येते, ‘उष्ण’ बहिणीला भेटते, ४३० किलोमीटर वाहते आणि म्येल्निकजवळ एल्बेला मिळते. ती एल्बे पुन्हा जर्मनीत जाते. जर्मन भाषेत या नदीचं नाव ‘मोल्डाउ’, आणि जर्मन शाळांतल्या संगीताच्या तासाला ही रचना याच नावाने शिकवली जाते. नदीच्या वरच्या खोऱ्यात तर शतकानुशतकं जर्मन बोलणारे लोकच राहत होते. त्यांचीही ती नदी होती.

नदीच्या काठावरचं विसावं शतक

१९३९च्या मार्चमध्ये नाझी फौजा प्रागमध्ये आल्या. जूनमध्ये वाक्लाव तालिख या कंडक्टरने ‘मा व्लास्त’ वाजवलं. ते रेडिओवरून प्रसारित झालं आणि त्याचं रेकॉर्डिंग आजही ऐकता येतं. शेवटी टाळ्या थांबतच नाहीत आणि मग श्रोते आपणहून राष्ट्रगीत गायला लागतात. ते राष्ट्रगीतही, लक्षात घ्या, लढाईचं नाही. माझं घर कुठे आहे असं विचारत ते ओढे, पाइनची झाडं, फुललेल्या बागा दाखवतं. निसर्ग, पुन्हा.

मार्च १९४४मध्ये आउश्विट्झमध्ये चेक ज्यूंच्या एका मोठ्या गटाला गॅस चेंबरमध्ये नेलं. तिथून वाचलेल्या फिलिप म्युलरने पुढे साक्ष दिली, की त्या लोकांनी आधी चेक राष्ट्रगीत म्हटलं आणि मग ‘हातिक्वा’. एका गाण्यात बोहेमियाची झाडं, दुसऱ्याची धून व्लतावेच्या कुळातली. ज्यांना ‘तुम्ही इथले नाही’ असं सांगून मारलं जात होतं, त्यांनी आपण कुठले हे दोन्हींनी सांगितलं.

युद्धानंतर उलटं झालं. चेकोस्लोव्हाकियातून जवळपास तीस लाख जर्मन भाषकांना हाकलण्यात आलं. नाझींशी साथ दिलेले आणि न दिलेले, बहुतेक सगळेच. शुमावातली गावंच्या गावं ओस पडली. स्मेतानाने जो ‘देश’ सुरांत मांडला, त्यात दोन भाषा होत्या. तो स्वतः त्याचा पुरावा होता. आता एक उरली.

इथे आपल्याकडे येणारा एक धागा आहे. १९०७मध्ये कार्ल्सबाड, म्हणजे आजचं कार्लोवी वारी, इथे वॉल्टर कॉफमन जन्मला. बोहेमियातला, जर्मन बोलणारा, ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४मध्ये तो मुंबईला आला. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्याने जवळपास दशकभर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं. आकाशवाणीची ती सकाळची सिग्नेचर ट्यून, आजी-आजोबांच्या पिढीला झोपेतून उठवणारी, त्याचीच मानली जाते. नंतर तो अमेरिकेत स्थिरावला आणि त्याने उत्तर भारतीय रागांवर मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे ज्याला त्याच्या जन्मभूमीत ‘आपला’ म्हणायला कुणी उरलं नव्हतं, त्याची एक धून आपल्या घराघरांत ‘आपली’ होऊन बसली.

आणखी एक माणूस. राफाएल कुबेलिक या कंडक्टरने १९४६मध्ये ‘प्राग स्प्रिंग’ हा संगीत महोत्सव सुरू करण्यात पुढाकार घेतला. १९४८मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि तो देश सोडून गेला. एक हुकूमशाही पाहिली, दुसरी नको, असं त्याचं म्हणणं. तो महोत्सव मात्र चालू राहिला, आणि दर वर्षी १२ मे रोजी, स्मेतानाच्या मृत्युदिनी, ‘मा व्लास्त’ने सुरू व्हायची प्रथा पडली. १९८९मध्ये राजवट कोसळली. १२ मे १९९०ला, बेचाळीस वर्षांनी, आजारी आणि निवृत्त कुबेलिक परत आला आणि त्याने महोत्सवाचं उद्घाटन केलं. समोर राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल. त्याचा व्हिडिओ ऑनलाइन आहे. नदीचा उगम सुरू होतो तेव्हा कुबेलिकचा चेहरा जरूर बघा.

बुडालेला आवाज

आता संत योहानच्या त्या प्रपातांकडे येऊ. प्रागच्या दक्षिणेला एका खोल घळीत नदी खडकांवरून उसळत जायची. लाकडाचे ओंडके बांधून तराफे प्रागला नेणारे तराफेवाले तिथे जीव मुठीत धरून उतरत. पहिल्या महायुद्धानंतर प्रागमधली तरुण पोरं शनिवारी पाठीवर पिशव्या टाकून याच भागात येत, तंबू ठोकत, शेकोटीभोवती गिटार वाजवत. आपल्याकडे पावसाळ्यात शनिवारी रात्री सह्याद्रीकडे निघणाऱ्या गर्दीशी त्यांचं चांगलं जमलं असतं.

त्या घळीत १९४०च्या दशकात श्त्येखोवित्सेचं धरण उभं राहिलं, आणि १९५०च्या दशकात वर स्लापीचं. वीज हवी होती, पूर आवरायचा होता. प्रपात पाण्याखाली गेले. तराफे बंद झाले. आणखी वर लिप्नोचा प्रचंड जलाशय झाला. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या वस्त्यांत युद्धाआधी मुख्यतः जर्मन भाषक राहत. आज नकाशावर व्लतावा म्हणजे बऱ्याच अंतरापर्यंत एकापुढे एक तलावांची माळ आहे.

म्हणजे ‘व्लतावा’मध्ये नवव्या-दहाव्या मिनिटाला जो कल्लोळ होतो, तो ज्या जागेचा आहे ती जागा आता गप्प आहे. तिथे गेलात तर शांत, हिरवं, खोल पाणी दिसेल. एका बहिऱ्या माणसाने आठवणीतून लिहिलेलाच तेवढा तिचा आवाज उरलाय.

धरण चूक होतं असं मी म्हणत नाही. विजेवर चालणाऱ्या लॅपटॉपवर हे लिहिताना तसं म्हणणं जरा अतीच होईल. पण ‘निसर्गावरचं संगीत’ हा शब्द मी आता पूर्वीसारखा वापरत नाही. नदी फक्त पाणी नसते. ती कुणाची म्हणायची, तिच्या काठावर कोण राहू शकतं, तिला वाहू द्यायचं की अडवायचं, हे माणसं ठरवतात, आणि पुन्हा पुन्हा बदलतात. संगीत त्या ठरवण्यात सामील असतं. स्मेतानाने एका दडपलेल्या भाषेच्या लोकांना सांगितलं, की ही नदी तुमची आहे. ते तेव्हा गरजेचं होतं. पण त्याने ज्या धुनीत ते सांगितलं, ती अर्ध्या युरोपातून भटकत आलेली होती, आणि जी नदी दाखवली तिचा एक उगम शेजारच्या देशात होता. संगीताने हे लपवलेलं नाही. दोन फ्लूट अगदी सुरुवातीलाच वेगवेगळ्या दिशांनी येतात.

प्राग मुख्य स्टेशनवर गाडीची घोषणा होण्याआधी विशेहरादच्या धुनीचे चार सूर वाजतात. बॅगा ओढणारे लोक त्याकडे लक्ष देत नाहीत. ते ठीकच आहे. पण पुढच्या वेळी प्लेलिस्टमध्ये ‘व्लतावा’ आली, तर बारा मिनिटं दुसरी खिडकी उघडू नका. हेडफोनचा आवाज थोडा वाढवा आणि नवव्या मिनिटानंतर नीट ऐका. ती जागा आता दुसरीकडे कुठेही ऐकू येत नाही.